दहापैकी साडेनऊ

आमच्या शिकलगार सरांसमोर भांडायची सोय नाही. भांडण सुरू करता येतं, पण तडीस नेता येत नाही.

मी आष्ट्याच्या शाळेत नुकतीच रुजू झाले होते. बाजाराचा दिवस होता. एका टेम्पोवाल्यानं गाडी मागं घेताना एका बाईची वांग्याची पाटी चेपली. बाईनं पदर खोचला आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. तोही काही कमी नव्हता. त्यानं काहीतरी घाण शब्द वापरला तशी ती म्हणाली, “तुझं ह्ये तोंड हाय का गटार रं?”

तेवढ्यात गर्दीतून एक उंच, किडकिडीत गृहस्थ पुढं झाले. पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन, हातात मेथीची जुडी. त्यांनी दोघांच्या मधे उभं राहून तर्जनी वर केली आणि अगदी शांतपणे म्हणाले, “ससंदेह.”

भांडण जागच्या जागी थांबलं. सर समजावून सांगू लागले. समोरची वस्तू तीच आहे की तिच्यासारखी दुसरी आहे, असा बोलणाऱ्याच्या मनात संशय असला की त्याला ससंदेह अलंकार म्हणतात. तुम्ही ‘तोंड म्हणजे गटारच’ म्हणाला असता तर ते रूपक झालं असतं, पण तुम्ही निर्णय राखून ठेवलात, हा तुमचा सभ्यपणा. एवढं सांगून त्यांनी पिशवीतून एक जाड वही काढली आणि बाईला तिचं नाव, गाव विचारलं. टेम्पोवाल्यानं ती संधी साधून पोबारा केला. मग बाईचा सगळा राग सरांवर निघाला, आणि त्या रागातून सरांना आणखी दोन उदाहरणं मिळाली. मेथी मात्र त्या गडबडीत कुणाच्या तरी गाईनं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तेच गृहस्थ माझ्या शेजारच्या खुर्चीवर. बादशहा मकबूल शिकलगार, मराठीचे शिक्षक. आपण कुठल्या, असं त्यांनी विचारलं. माझं लहानपण कोयनानगरच्या कॉलनीत गेलं. मांडणीवरची भांडी वाजली की आधी अंगणात यायचं आणि मग चपला शोधायच्या, हे आम्हाला चालायला शिकायच्या आधी शिकवलेलं. मी म्हणाले, आमच्याकडं जमीन हलते, पण माणसं जागची हलत नाहीत.

तर्जनी वर. “व्यतिरेक. माणसं जमिनीपेक्षा घट्ट. वहीत घेऊ?”

मी म्हणाले, घ्या. मी गणिताची बाई. वहीत गेल्यानं माझं काय बिघडणार होतं.

त्या वहीबद्दल सांगायला हवं. सरांचं म्हणणं असं, की अलंकाराच्या धड्यात मुख नेहमी चंद्रासारखं आणि डोळे नेहमी कमळासारखे. आष्ट्यात कमळ पाहिलंय कुणी? ऊस पाहिलाय ना, मग उसाचं बोला. म्हणून त्यांनी आष्टा आणि आजूबाजूच्या माणसांच्या तोंडची उदाहरणं गोळा करायला घेतली. प्रत्येक अलंकाराला चार पानं, प्रत्येक उदाहरणाखाली कोण बोललं आणि कुठं बोललं. चेतनगुणोक्तीत एक कंडक्टर होता: ‘गाडी चढाला रुसते, उताराला ऐकत न्हाई.’ अनन्वयात एक आजी होत्या. अनन्वय म्हणजे ज्याची तुलना फक्त त्याच्याशीच होते तो. आजींना त्यांच्या बाळूविषयी विचारलं तर म्हणाल्या, ‘आमचा बाळू म्हंजी आमचा बाळूच.’ यात कौतुक किती आणि वैताग किती हे सरांनाही ठरवता आलं नव्हतं. अन्योक्तीत आमच्या शाळेच्या मागं राहणाऱ्या एक सासूबाई होत्या, ज्या गोठ्यातल्या म्हशीला उद्देशून सुनेचा जीव काढत.

हे वहीपुरतं राहिलं असतं तर बरं होतं. पण सर गृहपाठ द्यायचे: घरच्या माणसांच्या तोंडची तीन उदाहरणं आणा. मुलं घरी जाऊन आजीला खिजवायची, आजी तोंड सोडायची, पोरं लिहून घ्यायची. एकदा एका मुलीनं तिच्या आईचं आणि काकूचं अख्खं भांडण अलंकारांसकट आणलं, आणि सरांनी ते उत्तम नमुना म्हणून फळ्यावर लिहिलं. दुसऱ्या दिवशी आई शाळेत हजर. हेडसर घामाघूम. चौथ्या दिवशी काकू आली. तिचं म्हणणं होतं की फळ्यावर जावेची वाक्यं पाच आणि माझी दोनच, हे कसं काय?

गुण देताना मात्र सर कंजूष. दहापैकी साडेनऊच्या वर त्यांनी आयुष्यात कुणाला दिले नाहीत. उपमेत चार गोष्टी लागतात, हे त्यांनी आमच्या शिपायालासुद्धा पाठ करून घेतलं होतं. ज्याची तुलना करायची ते उपमेय, ज्याच्याशी करायची ते उपमान, ‘सारखा’ किंवा ‘वानी’ असा साधर्म्य दाखवणारा शब्द, आणि दोघांत मिळतंजुळतं काय आहे तो समान धर्म. यातलं एक जरी राहिलं तरी अर्धा गुण कापला. चारही असले तर अक्षरावर कापला. मी एकदा चिडून विचारलं, पैकीच्या पैकी दिले तर काय होईल? ते म्हणाले, “बाई, पैकीच्या पैकी तुमच्या गणितात असतात. बोलण्यात नेहमी काहीतरी राहतंच.”

सरांचे वडील बाजारोबाजार फिरून विळे आणि कोयते धारेला लावायचे. सर लहानपणी दगडाचं चाक फिरवायला बसायचे. वडील धार नखावर बघायचे आणि म्हणायचे, धार कमी झाली तर ऊस तुटत नाही आणि जास्त झाली तर पातं तुटतं. सरांनी तो नियम मानपत्रांना लावला होता. आमच्या भागात घराआड एक फौजी. फौजी निवृत्त होऊन गावी आला की मिरवणूक, फेटा आणि मानपत्र ठरलेलं, आणि पंचक्रोशीतली मानपत्रं लिहायची शिकलगार सरांनी. नियम एकच. एका मानपत्रात अतिशयोक्ती एकदाच, तीही शेवटच्या ओळीत.

सुभेदार चव्हाणांचं मानपत्र मला अजून आठवतं. त्यांच्या भावकीची इच्छा होती की सुभेदारांना सिंह म्हणावं. सर सुभेदारांच्या घरी गेले आणि विचारलं, सिंह पाहिलाय का तुम्ही? सुभेदार म्हणाले, “न्हाई सायेब. पर खेचरं लय बघितली. सगळी नोकरी खेचरांसंगं बर्फात सामान व्हायलं.” मग सर तिथं दोन तास बसले आणि खेचरांविषयी ऐकून आले. समारंभात स्टेजवरून वाचलं गेलं, ‘खेचरासारखे न कुरकुरता देशाचं ओझं वाहणारे’. मंडपात हसण्याचा नुसता गलका झाला. भावकी लाल झाली. सुभेदार चव्हाण मात्र खुर्चीत बसून ओक्साबोक्शी रडत होते, आणि त्या दिवसापासून तो माणूस सरांसाठी जीव द्यायला तयार.

वहीत मला सगळ्यात जास्त आवडायचं ते एकच नाव. नाव कसलं, नुसतं अक्षर. ‘र.’ गावही नाही, ठिकाणही नाही. व्याजस्तुतीखाली, म्हणजे वरून स्तुती आणि आतून चपराक: ‘लय हुशार मानूस. दूध उतू जाताना बघत बसला आन वहीत लिवलं.’ उत्प्रेक्षेखाली: ‘बाजाराला धाडलं तर असं तोंड करून येत्यात, जनू मयताला जाऊन आले.’ अपन्हुतीत असलेली गोष्ट नाकारून दुसरीच आहे म्हणतात, तिथं लिहिलं होतं: ‘डोक्यावर केस न्हवंत ते, व्याकरनाचं तण उगवलंय.’ मी ती वाक्यं वाचून एकटी हसायची. हा कोण ‘र’, असं विचारलं की सर विषय बदलायचे. मला वाटायचं, रामभाऊ न्हावी असणार, केसांचं वाक्य आहे म्हणून.

तीन वर्षांपूर्वी सर एकदम महिनाभर रजेवर गेले. घरी आजारपण आहे एवढंच कळलं. सर कधी घरचं बोलत नसत आणि मीही विचारायला गेले नाही. ही माझी सवयच. भोचकपणा नको म्हणता म्हणता माणूस माणुसकीला मुकतो, हे मला जरा उशिरा कळलं.

रजेवरून आल्यावर सरांचं अलंकारांचं वेड फारच वाढलं. आधी ते ऐकलेलं टिपायचे, आता मागायला लागले. मधल्या सुट्टीत शिपायाच्या मागं, एसटी स्टँडवर कंडक्टरच्या मागं. मला तर दिवसातून तीनदा: बाई, आज काही बोलला नाही तुम्ही. मी म्हणायची, सर, मी भूमिती शिकवते, त्रिकोणाला उपमा देत नाही. ते हिरमुसून जायचे. आम्ही पाठीमागं हसायचो. मीसुद्धा हसायची, लपवत नाही.

एका दुपारी त्यांनी मला एक विचित्र प्रश्न विचारला. एखाद्या माणसानं एका वस्तूला दुसऱ्याच वस्तूचं नाव दिलं, तर ते रूपक आहे की चूक आहे, हे कसं ओळखायचं? मी म्हणाले, सोपं आहे, त्यालाच विचारायचं. ते म्हणाले, त्याला सांगता येत नसेल तर? मला पेपर तपासायचे होते. मी म्हणाले, मग चूकच धरायची आणि गुण कापायचा. सर लाल पेनाचं टोपण काढून परत लावत बसले.

मग सरांच्या निवृत्तीचा महिना आला. सगळ्यांची मानपत्रं लिहिणाऱ्याचं मानपत्र कुणी लिहायचं? हेडसरांनी माझ्याकडं बोट दाखवलं. शेजारची खुर्ची, हे एवढंच कारण. तीन संध्याकाळी मी डोकं खाजवलं. नवऱ्यानं विचारलं, कसला एवढा हिशेब चाललाय? शेवटी लिहिलं की शिकलगार सर म्हणजे ज्ञानाचा सागर, शिस्तीचा हिमालय, विद्यार्थ्यांचा कल्पवृक्ष. आपल्याला जमतंय की, असंही वाटलं. सरांनी आधीच बजावलं होतं की मजकूर मला दाखवल्याशिवाय छापायचा नाही, म्हणून कागद त्यांच्याकडं दिला.

कागद परत आला तो लाल होऊन. सागरापुढं लिहिलं होतं, ‘पोहता येत नाही.’ हिमालयापुढं, ‘उंची पाच फूट अकरा.’ कल्पवृक्षापुढं, ‘कुणी पेन्सिल मागितली तरी देत नाही.’ आणि खाली: ‘सर्व अलंकार काढावेत. एका वाक्यात पाचपेक्षा जास्त शब्द नकोत.’

माझं टाळकं सटकलं. जन्मभर ज्यानं लोकांच्या शिव्यांतसुद्धा अलंकार शोधले, त्याला माझेच चालेनात? शाळा सुटल्यावर मी तडक सरांच्या घरी गेले. वीस वर्षांत पहिल्यांदा.

दार सरांनीच उघडलं. अंगात बनियन आणि हाताला पीठ. आत पलंगावर भाभी बसल्या होत्या. त्यांचा उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा होता. केस नीट विंचरलेले, वेणी मात्र कुणीतरी शिकाऊ माणसानं घातलेली. सर त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि सावकाश म्हणाले, “या बाई आहेत. शाळेतल्या बाई. चांगल्या आहेत.” मग त्यांनी चहा आणला. कप भाभींच्या डाव्या हातात दिला. “चहा आहे. गरम आहे. हळू पी.”

भाभींनी कपाकडं बघितलं आणि म्हणाल्या, “चप्पल.”

सरांची तर्जनी वर गेली नाही. ते म्हणाले, “कप. हा कप आहे.”

माझा राग कुठल्या कुठं गेला होता, पण काहीतरी बोलायला हवं म्हणून मी हसून म्हणाले, “भाभी, तुमचे सर म्हणजे नुसता डोक्याला ताप आहेत बघा.” भाभींच्या चेहऱ्यावर काळजी उमटली. त्यांनी कप खाली ठेवला, डावा हात पुढं केला आणि सरांच्या कपाळाला लावून बघितला.

“ताप नाही,” सर त्यांना म्हणाले. “मी बरा आहे.” आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “बाई, घरात अलंकार नको.”

मग त्यांनी भाकऱ्या थापता थापता सगळं सांगितलं. रजियाभाभींना तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. हातापायात थोडी ताकद आली, पण बोलणं गेलं ते गेलं. शब्द येतो तो भलताच येतो. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांच्याशी छोटं आणि सरळ बोला, वळणाचं बोललात तर घाबरतील. पोटात कावळे ओरडतात म्हटलं तर त्या खरंच कावळे शोधतात. मुलगी मिरजेला दिलेली, ती येऊन जाऊन असते. बाकी दोघंच.

“भाभी आधी खूप बोलायच्या का हो?” मी विचारलं.

सर पहिल्यांदाच हसले. म्हणाले, “कडेगावची आहे ती. आमच्या घरात माया हिंदीत व्हायची, भांडण मराठीत. आणि भांडण रोज. वही कशी भरली असं वाटतं तुम्हाला?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रामभाऊ न्हावी नव्हता तो. र म्हणजे रजिया.

सर सांगत होते की दर शुक्रवारी ते भाभींना त्यांचंच एक जुनं वाक्य वाचून दाखवतात. त्या लक्ष देऊन ऐकतात, पण परक्या बाईचं ऐकावं तसं. त्या चुकीचा शब्द बोलल्या की सरांना दर वेळी वाटतं, ही चूक आहे की आत बसलेली ती माझी थट्टा करतेय? चप्पल म्हणाली, ती कप विसरली म्हणून, का चहा तसा झालाय म्हणून? चहा खरंच तसा झाला होता.

“भ्रांतिमान म्हणून एक अलंकार आहे, बाई. एक वस्तू दुसरीच आहे असा भ्रम होतो आणि माणूस तसाच वागतो. डॉक्टर म्हणतात ती त्यात आहे. मी म्हणतो, असेल. पण ससंदेहात मी आहे. तीन वर्षं झाली, र चं एक उदाहरण नाही. माझा रविवार गेला, सोमवार गेला, मी गावभर मागत फिरतो, पण तिच्यासारखं कुणी बोलत नाही.” भाकरी तव्यावर टाकून ते म्हणाले, “मानपत्र तिला कळलं पाहिजे. एवढंच. ती समोर बसणार आहे.”

मी घरी आले आणि पोळ्या लाटता लाटता रडले. तीन वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसून मी या माणसाला टाळलं होतं, आणि वर गुण कापायचा सल्ला दिला होता.

निरोप समारंभ शाळेच्या हॉलमध्ये सकाळी होता. सत्कार सपत्नीक, म्हणून भाभी स्टेजवर सरांच्या शेजारी. हिरवी साडी, डोक्यावरून पदर, आज वेणी मुलीनं घातलेली. हॉल गच्च भरलेला. फळ्यावरची काकू आली होती, बाळूची आजी आली होती, सगळे आपापला अलंकार बघायला आल्यासारखे. लोकांना वाटत होतं आज शब्दांची आतषबाजी होणार. मी माईकपुढं उभी राहिले आणि वाचायला लागले.

“हे शिकलगार सर आहेत. ते मराठी शिकवतात. ते वेळेवर येतात. ते कुणाला मारत नाहीत. त्यांचं पेन लाल आहे. ते लोकांचं ऐकतात. ऐकलेलं लिहून ठेवतात. ते भाकरी करतात. भाकरी गोल होत नाही.”

हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. हेडसर मागून कुजबुजले, “बाई, हे मानपत्र आहे का वेळापत्रक?”

खुर्चीवरून सरांची तर्जनी आपोआप वर आली. “ससंदेह,” ते पुटपुटले.

मी पुढं वाचलं. “सर उद्यापासून घरी असतील. दिवसभर घरी असतील. रजियाभाभींना सोबत होईल.” रजिया म्हटल्यावर भाभींनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, कळलं त्यांना. निदान तेवढं कळलं.

टाळ्या जेमतेम वाजल्या. मग फेटा आला. तो बांधला सुभेदार चव्हाणांनी, आणि त्या माणसाला मोजून मापून काही करताच येत नाही. फेटा सरांच्या कानांवर आला. मग हार सुरू झाले. शाळेचा, सोसायटीचा, माजी विद्यार्थ्यांचा, फौजींचा. हार हनुवटीपर्यंत आले, मग ओठांपर्यंत, मग नुसतं नाक आणि दोन भांबावलेले डोळे तेवढे दिसायला लागले. सर हलेनात. हार पडतील म्हणून मानही वळवेनात.

भाभी त्यांच्याकडं टक लावून बघत होत्या. त्यांनी डावा हात उचलला, सरांकडं बोट केलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, “बोकड.”

माईक चालू होता. अख्ख्या हॉलनं ऐकलं. पुढच्या रांगेतली दोन-चार माणसं खाली बघायला लागली. सरांचा चेहरा हारांतून जेवढा दिसत होता तेवढा पडला. त्यांनी हार सावरत मान वळवली आणि घरी बोलायचे त्याच सुरात म्हणाले, “मी बोकड नाही. मी बादशहा आहे.”

भाभींनी जोरात मान हलवली. कपाळाला आठी घातली. बाजारातून भलतीच भाजी आणलेल्या नवऱ्याकडं बघावं तसं त्यांनी सरांकडं बघितलं. ओठ हलत होते, शब्द अडत होता. त्यांनी मांडीवर डावी मूठ आपटली.

“बोकडा…” त्या म्हणाल्या. मग पुन्हा जोर लावून, “बोकडावानी. ईदच्या.”

आणि त्यांचं अर्धं तोंड हसलं. हसण्याला अर्धं तोंड पुरत नव्हतं, म्हणून डोळेही हसले, आणि चांगल्या हातानं त्या सरांच्या हारातलं एक झेंडूचं फूल ओढायला लागल्या. सुभेदार चव्हाण आधी हसले, मग बाळूची आजी, मग सगळा हॉल. खेचरांच्या वेळी जसा झाला होता तसाच गलका.

सरांची तर्जनी वर गेली. “उपमा,” ते म्हणाले. ते तसेच बोट वर करून बसले. फेटा घसरून एका डोळ्यावर आला होता आणि दुसऱ्या डोळ्यातून घळाघळा पाणी वाहत होतं. भाषण करायला त्यांचं नाव पुकारलं गेलं, पण ते उठले नाहीत. त्यांनी खुर्चीखालची पिशवी ओढली, वही काढली, आणि लोक हसत असताना, फोटोवाला ‘सर, इकडं बघा’ म्हणत असताना, ते लिहीत बसले.

मंडळी जेवायला गेल्यावर त्यांनी वही माझ्यापुढं केली. उपमेची चार पानं कधीच भरली होती, म्हणून समासात आडवं लिहिलं होतं. उपमेय मी. उपमान ईदचा बोकड. साधर्म्यवाचक शब्द वानी. खाली ‘र.’ आणि त्यापुढं लाल पेनानं, दहापैकी दहा.

अशा वेळी मला गणितच सुचतं. मी म्हणाले, “सर, यात समान धर्म सांगितलेला नाही. तुमच्या नियमानं अर्धा गुण कापायला हवा.”

सरांनी स्टेजकडं बघितलं. भाभी झेंडूच्या पाकळ्या एकेक करून मांडीवर ठेवत होत्या.

“राहू दे बाई,” ते म्हणाले. “तो उद्या सांगेल ती.”